इडवल बिनकाम्याचा सापळा

इडवलची नोकरी काही न करण्याची होती, आणि ती तो मन लावून करी.

ब्रिन हेस्गिन डोंगरातल्या खाणीतून पाटीचा दगड निघे. डोंगराच्या पोटातून तो काढायचा, वरच्या शेडमध्ये तासून त्याच्या छपरावर घालायच्या पाट्या करायच्या, आणि त्या वाघिणींत रचून उतारावरून खालच्या आवारात सोडायच्या. उतार असा की मेंढीनेही दोनदा विचार करावा. माथ्यावर मोठा लाकडी रहाट आणि रहाटाला तारेचा दोर. भरलेल्या वाघिणी एका बाजूने खाली जात आणि त्यांच्याच वजनाने रिकाम्या दुसऱ्या बाजूने वर येत. इंजीन नको, घोडा नको. फक्त दोर सुटायला नको.

तो सुटलाच तर काय, म्हणून उताराच्या मध्यावर सापळा होता. तिथे रूळ दुभंगत. एक वाट सरळ खाली जाई, दुसरी बाजूच्या दगडचुऱ्याच्या ढिगाऱ्यात घुसे. सापळ्याच्या दांड्याला भलंमोठं लोखंडी वजन लटकवलेलं होतं, त्यामुळे वाट कायम ढिगाऱ्याकडेच उघडी असे. माथ्यावरच्या माणसाने तार ओढली की इडवलच्या खोपटात घंटा वाजे. घंटा वाजली म्हणजे येणाऱ्या वाघिणी दोराला बांधलेल्या, शहाण्या आहेत. मग इडवलने दांडा ओढून वाट सरळ करायची, वाघिणी जाईपर्यंत धरून ठेवायची आणि सोडून द्यायची. घंटा न वाजता काही गडगडत आलं, तर दांड्याला हातही लावायचा नाही. आलेली बला आपोआप ढिगाऱ्यात जाऊन झोपेल. थोडक्यात, संकट आलं की स्वस्थ बसायचं, यासाठी कंपनीने माणूस नेमला होता.

आणि संकट आजवर आलं नव्हतं.

गावात निम्मे लोक जोन्स आणि उरलेले विल्यम्स, तेव्हा माणसं धंद्यावरून ओळखली जात. जोन्स कोळसा, जोन्स टपाल, विल्यम्स दात. इडवलला सगळे ‘इडवल बिनकाम्या’ म्हणत. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. एकदा प्रार्थनामंदिरात पाद्रीबुवा आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना चुकून ‘आपले बंधू बिनकाम्या’ म्हणून गेले, तेव्हाही त्याने सगळ्यांबरोबर ‘आमेन’ म्हटलं.

त्याला वाईट वाटे ते कबानाचं.

कबान म्हणजे शेडला लागून असलेली दगडी खोली. दुपारचा भोंगा झाला की सगळी खाण तिथे जमे. मध्ये शेगडी, शेगडीवर चहाची किटली, भिंतीला लागून बाकं आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. भाकरतुकडा खाऊन झाला की वाद सुरू होत. बायबलातल्या योनाला गिळलं ते माशाने की देवमाशाने, हा विषय एक अख्खा हिवाळा पुरला होता आणि त्यावरून दोन सख्खे भाऊ अजून बोलत नव्हते. कबानाला अध्यक्ष होता, दंड होते, गाण्याच्या स्पर्धा होत्या. इडवलला मात्र दुपारीही खोपटातच बसावं लागे, कारण नियम तसा होता. वारा अनुकूल असला की वरून गाणं ऐकू येई, पण तेही फक्त खर्जातलं. उंच सूर वाऱ्यावर कुठेतरी गळून पडत. त्यामुळे खाणीतली सगळी गाणी इडवलला तळाकडून पाठ होती, आणि चाल एकाचीही माहीत नव्हती.

योनाच्या माशाबद्दल त्याचंही मत होतं. ते तो आडोशाला येणाऱ्या एका मेंढीला सांगे. मेंढी वाद घालत नसे. तिच्याशी त्याचं पटलं नाही ते त्यामुळेच.

संध्याकाळी सगळे खाली उतरत ते फळ्यांवरून. प्रत्येकाची आपली, खाली चाकं लावलेली फळी होती. ती रुळावर टाकायची, वर बसायचं, ब्रेकच्या दांडीवर हात ठेवायचा आणि सोडून द्यायचं. एकामागे एक अख्खी खाण सूं करत खाली येई. त्यांच्यासाठी सापळा सरळ धरायला इडवल हवाच. “येतो रे, इडवल!” “येतो हं, बिनकाम्या!” असं ओरडत सगळे निघून जात. येतो म्हणत सगळेच, येत कुणी नसे. शेवटची फळी गेली की इडवल दांडा सोडी, खोपटाचं दार लावी आणि पायी उतरे. घरी बायको नव्हती. ती वारून बरीच वर्षं झाली होती. शेगडी तेवढी होती, तीही विझलेली.

त्या सगळ्यांत एकटा गेथिन ब्रेक दाबी. गेथिन माथ्यावरचा माणूस. दोर अडकवणं, वाघीण हलू नये म्हणून चाकाखाली उटीचा दगड लावणं आणि घंटेची तार ओढणं हे त्याचं काम. सापळ्याशी आला की त्याची फळी कर्कश किंचाळे, वेग जरासा उतरे आणि तो विचारी, “काय रे, आज काय खाल्लंस?”

“पाव!” इडवल त्याच्या पाठीला ओरडून सांगे.

एवढाच संवाद. पण इडवल दुपारभर त्याची तयारी करी. कधी ‘पाव आणि चीज’, कधी ‘मनुकांचा पाव, बहिणीने धाडलेला’. एकदा त्याने ‘मटणाचा रस्सा’ असं सांगितलं होतं. ते खोटं होतं, पण गेथिन वळून हसला होता.

त्या दिवशी कबानात गाण्याची शेवटची फेरी होती. गेथिनचा खर्ज खाणीत पहिल्या नंबरचा. भोंगा झाला. थोड्या वेळाने वरून खर्ज उतरू लागला, आणि इडवलने पावाचा तुकडा मोडला.

इतक्यात रूळ गुणगुणले.

ते गुणगुणणं त्याच्या रक्तात होतं. वाघिणी निघाल्या की रूळ असेच गुणगुणत, आणि त्याचा हात आपोआप दांड्याकडे जाई. आताही गेला. दांड्यावर बोटं मिटलीसुद्धा. मग त्याच्या लक्षात आलं, घंटा वाजलेली नाही.

गडगडाट वाढला. हात दांडा सोडीना. इतक्या वर्षांची सवय. चाकं येताहेत तर ओढ, हेच हात म्हणत होता. इडवलने एका हाताने दुसरा उपटून काढला, मटकन खाली बसला, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून त्यांच्यावर सगळं वजन टाकलं. भरलेल्या तीन वाघिणी खोपटासमोरून अशा गेल्या की किटलीचं झाकण उडालं. मग ढिगाऱ्यात जे काही झालं त्याचा आवाज बराच वेळ चालला. शेवटी एकच चाक हवेत फिरत राहिलं. मेंढी पळून गेली होती.

वर गाणं चालूच होतं.

खालच्या आवारातली माणसं थंडीचं ऊन खात नेहमीप्रमाणे रुळांवरच बसून जेवत होती. आवाज ऐकून ती वर आली आणि फुटलेल्या पाट्यांचा डोंगर पाहून खवळली.

“हा सगळा चुरा आता कोण उपसणार? तुझा बाप?”

“बिनकाम्याला शेवटी काम सापडलं रे!”

इडवल किटलीचं उडालेलं झाकण शोधू लागला.

संध्याकाळच्या आत गेथिन खोपटात आला. फळीवरून नाही, पायी, एकटा. त्या खोपटात माणूस येण्याची ही पहिलीच वेळ. इडवलने घाईघाईने बसायला पेटी पुसून दिली आणि किटलीच्या झाकणात चहा ओतला, कारण कप एकच होता.

“बरंय की तुझं इथे,” गेथिन इकडेतिकडे बघत म्हणाला.

“वारा लागत नाही फारसा.”

“हं.”

दोघांनी चहा प्यायला. इडवलला वाटलं, हे असंच चालावं.

“इडवल, मी उटी लावायला विसरलो,” गेथिन एकदम म्हणाला. “दोरही अडकवला नव्हता. वाघिणी उताराच्या तोंडाशी आणून ठेवल्या आणि भोंगा झाला. म्हटलं, गाऊन येतो आणि मग सोडतो.”

“असं.”

“साहेबाला मी सांगितलंय की दोर होता, वाघिणी उलटताना त्याची आकडी निसटली. आणि घंटा वाजवली होती मी.” तो झाकणात बघत होता. “उद्या कबानात चौकशी आहे. तू एवढंच म्हण, की वाजली होती. डुलकी लागली म्हण. तुझ्या वयाला शोभतं.”

“मग मला काढतील.”

“काढतील कशाला? शेडमध्ये बसवतील, पाट्यांच्या कडा तासायला. उबदार जागा. कबान शेजारीच! माझ्या बाकावर मी सरकतो ना, शेगडीजवळ आहे. खरं कळलं तर मला मात्र डोंगराच्या आत, धुळीत धाडतील रे, आणि माझी छाती तुला माहितीये.”

इडवलला माहीत होती. शेगडीजवळचं बाकही त्याला माहीत होतं. पाहिलेलं नव्हतं, पण माहीत होतं.

“आणि सापळा?”

“साहेब म्हणतो, चांगल्या वाघिणी उलटवणारी ही पीडा खिळा मारून कायमची सरळ करून टाकू. तुलाही सुटका.”

“संध्याकाळी फळ्यांवर सगळे असतात, गेथिन. वर तोंडाशी वाघिणी उभ्या असतात.”

“अरे, इतक्या वर्षांत कधी सुटलीय का वाघीण?”

“आज सुटली,” इडवल म्हणाला.

गेथिनने झाकण खाली ठेवलं. जाताना तो दारात थांबला. “बाक रुंद आहे,” म्हणाला, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी इडवल कबानात शिरला. वाफ, ओल्या कोटांचा वास, तंबाखू, आणि खरंच शेगडीजवळ बाक. गेथिन सरकला. कुणीतरी इडवलच्या हातात चहा दिला, कपात. अध्यक्ष रॉबट हे प्रार्थनामंदिराचेही कारभारी होते, त्यामुळे आधी प्रार्थनागीत झालं. इडवलने पहिल्यांदाच ते वरच्या सुरांसकट ऐकलं. चाल भलतीच निघाली. त्याला वाटत होती त्यापेक्षा कितीतरी आनंदी होती.

मग मागच्या सभेचा विषय पुरा करावा की नाही यावर वाद झाला. खिडकीची फट कागदाने बुजवावी की चिंधीने, हा तो विषय. चिंधी जिंकली. कोपऱ्यात बसलेल्या साहेबाने घड्याळ काढलं, तेव्हा रॉबट खाकरले.

“गेथिन, घंटा वाजवली होती?”

“वाजवली होती, अध्यक्षमहाराज.”

“आणि कबानात कधी आलास?”

“वाघिणी सोडून, जेवणाआधीच्या प्रार्थनेच्या वेळी.”

यावर कुणी काही बोलू शकत नव्हतं. प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात. कोण कधी आत आलं हे एका देवालाच ठाऊक, आणि देवाला साक्षीला बोलावण्याची कबानात पद्धत नव्हती.

“इडवल, तू सांग. घंटा वाजली होती?”

बाक उबदार होतं. गेथिनचा खांदा त्याच्या खांद्याला लागलेला होता. खांदा लागलेलं माणूस किती गरम असतं, हे इडवल विसरूनच गेला होता. समोरच्या भिंतीला सगळ्यांच्या फळ्या ओळीने टेकून ठेवलेल्या होत्या. त्याने कप मांडीवर ठेवला.

“नाही, अध्यक्षमहाराज. घंटा वाजली नव्हती.”

“मग तू काय केलंस?”

“काही नाही.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग खालच्या आवारातला एक जण सावकाश म्हणाला, “आम्ही रुळांवर बसलो होतो.”

आता कोण खरं, हे कुणी विचारलं नाही. गेथिन खाली बघत होता, तेवढं पुरे होतं. माथ्यावर दुसरा माणूस नेमायचा, गेथिनला आत धाडायचं, सापळा आहे तसा ठेवायचा, असं ठरलं. सापळ्यावर बसायला दुसरं कुणी तयार आहे का, असं रॉबटनी विचारलं. कुणीही हात वर केला नाही. इडवलने शेगडीजवळच्या बाकावरून उठून कप परत दिला. तो निम्मा भरलेला होता. कुणी ‘बस की थोडं’ म्हणालं नाही. गेथिनचा खर्ज खाणीतला पहिल्या नंबरचा होता आणि आता तो धुळीत जाणार होता, हे प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. इडवल चूक आहे असंही कुणाला वाटत नव्हतं. त्यामुळेच त्याच्याशी बोलणं जास्त अवघड होतं.

संध्याकाळी फळ्या आल्या. इडवलने दांडा ओढून धरला. पहिली फळी गेली, दुसरी गेली, मग रांगच रांग. वाऱ्याचा आवाज, चाकांचा आवाज. “येतो” कुणी म्हटलं नाही. माणसं समोर बघत जात होती, जशी प्रार्थनेला जाताना बघतात.

शेवटून दुसरा गेथिन होता. सापळ्याशी त्याची फळी नेहमीप्रमाणे किंचाळली आणि वेग जरासा उतरला. हाताची सवय असेल. त्याने मान वळवली नाही, काही विचारलं नाही, आणि ब्रेक सोडून खालच्या धुक्यात गेला.

शेवटची फळीही गेली. इडवल थोडा वेळ दांडा तसाच धरून उभा राहिला, मग त्याने तो सोडला. वजन धप्पकन बसलं आणि वाट ढिगाऱ्याकडे वळली.

“पाव आणि चीज,” तो म्हणाला, आणि दार लावून पायी उतरू लागला.