पांढऱ्या साड्यांपुढची फियाट

जयंतीची मिरवणूक उद्यावर आली आणि अंबादासच्या दारात उत्सव समितीचा अध्यक्ष मोतीराम उभा राहिला. "अंबादासभैया, यंदा बाबासाहेबांची तसबीर जीपवर नेतो. तुमची फियाट गचके देऊन राहिली, काळा धूर ओकून राहिली. मागून बाया पांढऱ्या साड्या नेसून चालतात, त्यांच्या साड्यांचं काय?"

बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच अंबादासला मिरच्या झोंबल्या. त्याची आई भागीरथा गुडघ्यांनी अधू झाली तेव्हापासून ती याच गाडीच्या मागच्या सीटवरून मिरवणुकीत यायची. जीपची उंच पायरी तिला चढता आली नसती. फियाट घरी राहिली तर आईही घरी, इतकी सरळ गोष्ट होती.

"संध्याकाळी या," तो म्हणाला. "धूर दिसला तर खुशाल जीप न्या."

शेजारचा लहानू लगेच सल्ला द्यायला हजर. "कारबोरेटरच बदला, भैया. काम से गया तो." लहानूला साध्या सर्दीवरही ऑपरेशन सुचायचं. अंबादासने हसून बाह्या वर सारल्या. नोकरी वीज मंडळातली असली तरी आधी दुखणं ओळखायचं आणि मग औषध द्यायचं, हा त्याचा खाक्या होता, आणि आपल्या खाक्यावर त्याचा भारी विश्वास.

त्याने गाडी गरम करून प्लग काढला. काळाकुट्ट, आणि बोट लावलं तर कोरडी काजळी. म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, नाहीतर हवा कमी पडतेय. हवा अडवणारा चोक अडकलाय का ते पाहिलं, तर त्याची झडप पूर्ण उघडी होती. मग त्याने एअर फिल्टर काढून बाजूला ठेवला आणि इंजिन तसंच चालू केलं. गचके थांबले, धूर विरळ होत होत नाहीसा झाला.

"कारबोरेटर ठणठणीत आहे. हिले हवाच भेटून नाही राहिली," त्याने जाहीर केलं आणि फिल्टर लहानूपुढे धरला. कागदाच्या घड्यांत निळा गुलाल ठासून बसला होता. दर जयंतीला लोक तसबिरीवर मुठी भरभरून गुलाल उधळायचे आणि तो बॉनेटच्या फटींतून आत जायचा. मिरवणूक संपली की सगळी गल्ली मिळून गाडी धुऊन लख्ख करायची, पण फिल्टर उघडायचं कुणाच्या मनातही यायचं नाही.

संध्याकाळपर्यंत नवा फिल्टर बसला. मोतीराम आला, त्याच्यापाठोपाठ अंबादासची बायको मालनबाई बाहेर आली. उद्यासाठी ठेवलेली कोरी पांढरी साडी नेसून ती थेट सायलेन्सरमागे उभी राहिली. "लावा गाडी," ती म्हणाली.

इंजिनाची अंबादासला खात्री होती, तरी किल्ली फिरवण्याआधी त्याने एकदा त्या साडीकडे पाहिलं. गाडी बराच वेळ चालू राहिली. मोतीरामने चष्मा पुसून निऱ्या तपासल्या आणि म्हणाला, "चलो, तसबीर तुमच्याच गाडीवर."

दुसऱ्या दिवशी फियाट माणसाच्या चालीने, एकही गचका न देता निघाली. चौकात पोरांनी मुठी भरल्या तसा अंबादास ओरडला, "अरे, बॉनेटवर नको!"

मागून भागीरथाचा हात त्याच्या खांद्यावर आला. "काहून अडवतं रे? उधळू दे त्यायले. फिल्टर तुले बाजारात दुसरा भेटते. मले पुढची जयंती भेटते का नाही, कोणाले माहीत?"

अंबादासने गाडी थांबवली, खाली उतरला आणि गुलाल तिच्यावरही पडावा म्हणून आईच्या बाजूची काच पूर्ण खाली केली.