ती नाली मीच फोडली

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे. गोड बोलणं मला जमणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. लोहाराने मला लाल होईपर्यंत तापवलं आणि घणाखाली असं बडव बडव बडवलं की माझं टोक चोचीसारखं पुढे आलं. आपला जन्म एक तर मार खाण्यासाठी आहे, नाही तर मार देण्यासाठी, हे मला तेव्हाच कळलं. मी मार द्यायचं ठरवलं.

माझा मालक गवंडी होता. माणूस हाडकुळा, पण मला उचलून खाली सोडायचा तेव्हा दगडाच्या ठिकऱ्या उडायच्या. त्याच्या हातात मी चौथरे उखडले, भिंती पाडल्या, झाडांची मुळं तोडली. बघणारे म्हणायचे, पहार असावी तर अशी. ते ऐकून मी आणखी जोरात पडायचे.

आयुष्यात मी घडवली अशी एकच वस्तू, ती म्हणजे नाली. गवंड्याने स्वतःचं लांबट घर बांधलं, मातीच्या गाऱ्यात विटा रचून. पुढे दोन्ही मुलांना अर्धं अर्धं होईल असा त्याचा हिशोब. छपराचं सगळं पाणी घराच्या मागे उतरायचं. तिथे भिंतीपासून दोन हात लांब त्याने आठ दिवस मला राबवलं आणि रस्त्याच्या गटारापर्यंत सरळ चर खणला. आतून विटा लावल्या, वर गिलावा केला. तीन पावलांना एक बोट उतार, हे त्याचं माप. बायको म्हणाली, एका गटारासाठी एवढा जीव काढायचा का? तो म्हणाला, "भिंत डोक्याने पडत नाही, पायाने पडते. पाय कोरडे राहू देत."

नाली झाल्यावर त्याने मुलांना बोलावलं. ताई नऊ वर्षांची, धाकटा सहा. आईच्या शिलाई मशीनची दोन रिकामी रिळं त्याने त्यांच्या हातात दिली आणि वरच्या टोकाला बादली ओतली. रिळं कुठेही न अडकता गटारापर्यंत पळाली आणि त्यांच्यामागे ही दोघं. मग दर पावसात शर्यत. हरला की धाकटा भोकाड पसरायचा, म्हणून ताई शेवटी आपलं रीळ गुपचूप पायाने अडवायची. मी भिंतीला टेकून हे सगळं बघत असायचे.

वर्षं गेली. आधी आई गेली, मग गवंडी. वरची बाजू ताईकडे आली. ती एकटीच राहायची आणि आईच्याच मशीनवर लोकांचे कपडे शिवायची. रस्त्याकडची बाजू धाकट्याची. तो विजेच्या मोटारी आणि पंप दुरुस्त करायचा. मी त्याच्या वाट्याला आले. नाली मात्र दोघांची राहिली.

आता ताईची चूकही सांगते, झाकून ठेवणार नाही. चिंध्या आणि दोरे ती झाडून नालीत लोटायची. जातील पाण्याबरोबर, म्हणे. कुठे जातात! धाकट्याच्या दारामागे त्यांचा बोळा बसला. एका दुपारी पाऊस कोसळला, नाली तुंबली आणि घाण पाणी त्याच्या खोलीत शिरलं. गिऱ्हाइकांच्या पाच मोटारी बुडाल्या. तो तणतणत बहिणीच्या दारात गेला. ताईची जीभ तिच्या कात्रीला हार जाणारी नव्हती. दोघांनी एकमेकांची लहानपणापासूनची उणीदुणी काढली. शेवटी ताई म्हणाली, बाबांनी तुला घर दिलं, अक्कल द्यायची राहून गेली.

धाकट्याने मला उचललं. त्याचा हात डोक्याच्या वर गेला होता आणि समोर ताई उभी होती. ती जागची हलली नाही. मी पोलादाची, तरी मला भीती वाटली. मग तो गर्रकन वळला आणि नालीवर तुटून पडला.

खरं सांगू, मित्रांनो? मला मजा आली. ज्या विटांसाठी मी आठ दिवस राबले, त्यांचा मी तासाभरात भुगा केला. त्याच भुग्याने त्याने आपल्या बाजूची नाली बुजवली, वर सिमेंट ओतलं आणि मला ताईच्या भिंतीकडे भिरकावून दिलं. म्हणाला, "आता ठेव तुझं पाणी तुझ्यापाशी."

पाणी राहिलं की तिच्यापाशी. पुढचे तीन पावसाळे मी त्या भिंतीच्या पायाशी डबक्यात पडून होते. मला गंज चढत होता आणि भिंत पाणी पीत होती. आधी मिठासारखा पांढरा लोणा फुटला, मग गिलाव्याचे पोपडे सुटले, मग विटांमधली माती भिजल्या कणकेसारखी बाहेर येऊ लागली. मी शंभर भिंती घाव घालून पाडल्या होत्या. एकही घाव न घालता भिंत कशी मारतात, ते मी तिथे पाहिलं. मला ओरडायचं होतं, पण पहारीला कुठलं तोंड! ताईने आतून रंग दिला. ओल पुन्हा दिसली तेव्हा त्यापुढे कपाट सरकवलं. भिंत मऊ पडली आहे, असा निरोप तिने धाकट्याच्या बायकोकडून दोनदा धाडला. धाकटा म्हणाला, आधी माफी मागू दे. ताई म्हणाली, माझं खेटर मागतंय माफी.

चौथ्या पावसाळ्यात एका सकाळी ऊन पडलं होतं. आतून मशीनची खडखड ऐकू येत होती. खालच्या चार विटा माझ्या अंगावर घसरल्या. मग अख्खी भिंत गुडघ्यावर बसली आणि आतल्या बाजूला कोसळली. छपराची तुळई कडाडून खाली आली. खडखड मध्येच तुटली.

धाकटा धावत आला. नखं फुटेपर्यंत त्याने हातांनी विटा उपसल्या, मग त्याला मी दिसले. तुळई ताईच्या छातीपासून चार बोटांवर अडली होती. मशीनच्या टेबलाने तेवढं तोलून धरलं होतं आणि तेही करकरत होतं. धुळीने माखलेल्या चेहऱ्यात ताईचा एकच डोळा उघडा होता. त्या डोळ्याला भाऊ दिसला आणि त्याच्या हातात मी दिसले.

"मारायला आलास?" तिने विचारलं.

"उचलायला आलोय, ताई," धाकटा म्हणाला. "हलू नकोस."

त्याने माझं टोक तुळईखाली सारलं आणि दांड्यावर सगळं वजन टाकलं. हळू उचल, असं मला जन्मात कोणी सांगितलं नव्हतं. मी बोटभर जरी निसटले असते तर ताई संपली असती. मी वाकले, पण निसटले नाही. शेजाऱ्यांनी तिला ओढून बाहेर काढलं. डावा पाय दोन ठिकाणी मोडला होता.

तो पाय पुन्हा मशीनचं पायडल मारण्याजोगा झाला नाही, म्हणून धाकट्याने तिच्या मशीनला मोटार बसवली. पण त्याआधी त्याने नाली खणली, मग भिंत बांधली. खणायला नवी पहार आणली, कारण मी वाकडी झाले होते. ताई खुर्चीत बसून ओरडत होती, तीन पावलांना एक बोट, मेल्या, दोन नाही! मला त्याने नालीच्या गटाराकडच्या तोंडाशी आडवी गाडली. चिंध्या आल्या तर माझ्यापाशी अडतात आणि ताई त्या काठीने उचलते. नाली बुजवायची झाली तर आधी मला उपटावं लागेल. बघाच उपटून!

पहिली बादली ओतली तेव्हा धाकट्याने पाण्यात दोन रिळं सोडली. त्याचं रीळ पुढे होतं. माझ्याजवळ येता येता त्याने ते पायाने अडवलं आणि ताईचं रीळ येऊन माझ्यावर टक्कन आपटलं. धाकटा आभाळाकडे बघत उभा राहिला.

"दिसलं हो मला," ताई म्हणाली आणि रडायला लागली.

मित्रांनो, पाऊस थांबला की आपल्या घराभोवती एक चक्कर मारा. पाणी भिंतीशी उभं असेल, तर त्याला वाट करून द्या. भांडण झालंच तर तोंडाने भांडा, पण पाण्याची वाट अडवू नका. भिंतीपलीकडे कोण बसलं आहे ते पाण्याला ठाऊक नसतं. मलाही ठाऊक नसतं. तुम्हाला असतं.