झाकणावर न लिहिलेलं

मी एक म्हातारं कासव आहे, मित्रांनो. वय विचारू नका, मलाच ठाऊक नाही. जनावरांचे डॉक्टर साठीच्या पुढे असावं असं म्हणतात. मला उजव्या डोळ्याने दिसत नाही. बागेत येणारी माणसं ते बघून "म्हातारपण, दुसरं काय," असं म्हणतात. म्हातारपण बिचारं उगाच बदनाम होतं. माझा डोळा गेला एका उबदार हिवाळ्यात, आणि कसा गेला तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म मोरोक्कोतल्या एका उघड्याबोडक्या टेकडीवर झाला. तिथे ऊन होतं, काटेरी झुडपं होती आणि घाई कुणालाच नव्हती. एक दिवस माणसं आली आणि कांदे भरावेत तसं त्यांनी आम्हाला पेटाऱ्यात भरलं, थरावर थर. माझ्या पाठीवर दोघे होते आणि पोटाखाली तिघे. वर फळ्या ठोकल्या. बोट किती दिवस चालली कोण जाणे. इंग्लंडात पेटारा उघडला तेव्हा माझ्या खालचे तिघेही हलत नव्हते. तेव्हापासून मला झाकणाची भीती वाटते.

श्रॉपशायरमधल्या प्रीस कुटुंबाने मला बाजारातून घरी आणलं. मॉरिस, त्याची बायको मिरियम आणि आठ वर्षांची रोझलिंड अशी ती तीन माणसं. मॉरिसने माझं नाव ठेवलं ब्रिगेडियर. त्याच्या फौजेतला एक साहेब म्हणे असाच मान ताठ करून सगळ्यांच्या जेवणाची पाहणी करत हळूहळू फिरायचा. पहिल्याच उन्हाळ्यात मॉरिसने माझ्या पाठीच्या कडेला गिरमिटाने भोक पाडलं, दोरी ओवली आणि मला खुंटीला बांधलं. तेव्हा सगळेच तसं करायचे. तो दुष्ट नव्हता. त्याच्या कोबीवर माझा डोळा होता, हेही खरंच. दोन दिवस मी खुंटीभोवती गोल गोल फिरलो. तिसऱ्या दिवशी मिरियम भाजीची सुरी घेऊन आली आणि तिने दोरी कापली. "कोबी परत लावता येईल," एवढंच ती म्हणाली.

त्यानंतरची वर्षं मात्र सुखाची गेली. मी हिरवळीतली रानफुलं खाऊन गवत साफ ठेवायचो. रोझलिंडच्या शाळेतली मुलं मला बघायला यायची. गावच्या जत्रेत मला एकदा निळी फीत मिळाली, 'सर्वांत शिस्तीचा प्राणी' म्हणून. मी झोपलेलो होतो, हे परीक्षकांच्या लक्षात आलं नाही. पुढे रोझलिंड मोठी झाली, शिकायला शहरात गेली, तिकडेच राहिली. माझं कौतुक कमी झालं. त्याचं मला वाईट वाटलं, पण मिरियम होती तोवर मी कधी एकटा पडलो नाही.

आता खोक्याचं सांगतो. थंड देशात आम्हा कासवांना हिवाळाभर झोपावं लागतं. नोव्हेंबर लागला की मिरियम मला चहाच्या एका मोठ्या लाकडी खोक्यात कोरड्या पेंढ्यावर ठेवायची. खोकं बागेतल्या शेडमध्ये, मागच्या भिंतीशी. उंदीर झोपलेल्या कासवाला कुरतडतात म्हणून झाकण आठ स्क्रूंनी घट्ट बसवायचं. हवेसाठी बाजूला बोटभर रुंदीची भोकं. पहिली काही वर्षं रोझलिंडने मला फार छळलं. ती ऐन थंडीत स्क्रू काढून मला बिस्किट दाखवायची. अशा अर्धवट जागेपणी मी एकदा मरता मरता वाचलो. त्यानंतर मिरियमने झाकणावर पांढऱ्या रंगाने ठळक लिहून टाकलं: 'पंचवीस मार्चपर्यंत उघडू नये.' पंचवीस मार्चपासून बागेचं नवं वर्ष धरायचं, असं तिची आई मानायची.

त्या घरात लिहिलेल्या पाटीला फार मान. 'हिरवळीवर चालू नये' असं लिहिलं तर मॉरिस स्वतःच्याच हिरवळीला वळसा घालून जाईल, अशातला माणूस. त्याने त्या झाकणाला वर्षानुवर्षं हात लावला नाही.

पण मिरियम स्वतः काय करायची, ते मला ठाऊक होतं. दर रविवारी ती कुंड्या आणायच्या निमित्ताने शेडमध्ये यायची, खोक्याला कान लावायची आणि श्वास रोखून ऐकायची. मग दोन्ही हातांनी खोकं उचलून वजनाचा अंदाज घ्यायची. एका वर्षी हिवाळा कोमट गेला आणि मी फेब्रुवारीतच जागा झालो. मी दोनदा नख घासलं असेल नसेल, तोच दुसऱ्या दिवशी तिने स्क्रू काढले. मार्च संपेपर्यंत मी स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत राहिलो आणि कोवळा पाला खाल्ला. मॉरिस त्या खोलीत फक्त बूट काढायला यायचा, आणि तेसुद्धा न बघता.

मग एका सप्टेंबरात मिरियम गेली. आजार लहानसा वाटला होता. ती तीन आठवड्यांत गेली.

नोव्हेंबरात मॉरिसने मला स्वतः खोक्यात ठेवलं. "तिच्यासारखं जमतंय का रे, ब्रिगेडियर?" त्याने विचारलं. पेंढा कोरडा होता, भोकं मोकळी होती, आठही स्क्रू नीट बसले. सगळं तिच्यासारखंच झालं होतं. मी निर्धास्त झोपलो.

त्या वर्षी हिवाळा आलाच नाही. नाताळ झाला तरी दव गोठलं नाही. शेडच्या भिंतीवर दिवसभर ऊन पडायचं, आणि एका दुपारी मला जाग आली.

जागा झालेल्या कासवाला पुन्हा झोप लागत नाही, मित्रांनो. अंगातलं साठवलेलं पाणी आणि चरबी जळू लागते आणि भरून काढायला काहीच नसतं. मी भोकाला नाक लावलं. ओल्या मातीचा वास आत आला. कुठेतरी काळा पक्षी गात होता, जो एरवी मार्चशिवाय तोंड उघडत नाही. शेडचं दार उघडं असलं की भोकातून दाराजवळची टीचभर जमीन दिसायची. तिथे स्नोड्रॉपची पांढरी फुलं चक्क उमलली होती, आणि एक जाडजूड मधमाशी त्यांच्यावर गुणगुणत होती. बाहेर वसंत येऊन उभा होता आणि मी आत होतो. मी नखं घासायला लागलो.

नववर्षाच्या दिवशी आमच्या गल्लीत एक जुना रिवाज आहे. ज्याने त्याने आपल्या बागेत त्या सकाळी उमललेली फुलं मोजायची आणि शेजाऱ्याने ती तपासायची. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला घरच्या मुरंब्याची बरणी द्यायची. मॉरिसची शेजारीण आयव्ही बेब. विधवा, जिभेची तिखट, पण मिरियमची जिवाभावाची मैत्रीण. ती दोघं मोजणी करत शेडपर्यंत आली.

"तेवीस!" मॉरिस म्हणाला. मिरियम गेल्यापासून त्याचा आवाज पहिल्यांदाच एवढा चढलेला मी ऐकला.

"तेवीस कसले? भिंतीवरचा तो मरतुकडा गुलाब धरलास ना? तो उमललेला नाही, मॉरिस. तो गेल्या वर्षी मरायचं विसरलाय."

"पाकळी उघडी असली की धरायचं. मिरियमचाच नियम आहे."

"तिचं नाव घेऊन जिंकू नकोस, म्हाताऱ्या. आणि हा खुडखुड आवाज कसला?"

"उंदीर. बियाण्याच्या बटाट्यांना लागलेत. सापळा लावतो."

मी जीव खाऊन खरवडत होतो. ती दोघं माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. कासवाला ओरडता येत नाही, ही आमच्या जातीची मोठीच अडचण आहे. मॉरिसने संध्याकाळी चीजचा तुकडा लावून सापळा आणला आणि माझ्या खोक्याला टेकवून ठेवला. चीजचा वास मला रात्रंदिवस येत राहिला.

जानेवारी सगळा असा गेला. मॉरिस रोज शेडमध्ये यायचा, बटाट्यांना फुटलेले कोंब बघायचा आणि बोलण्यासारखं काही सापडलं की त्यांच्याशीच बोलायचा. "हेझलला तुरे आलेत रे. प्रिमरोझ आलं. ती असती तर..." इथे तो थांबायचा. मी खरवडायचो. तो सापळा तपासायचा आणि जायचा. माझी जीभ कोरडी पडली. डोळे आत ओढले गेले. उजवा डोळा चिकटून बंद झाला तो उघडेना. भोकातून आता दाराजवळ पिवळं काहीतरी दिसत होतं, पण ते डॅफोडिल होतं की ऊन, हे मला ओळखता येत नव्हतं. पेटाऱ्यातले ते तिघे मला आठवायला लागले. मग माझे पाय हलेनासे झाले.

"गेले एकदाचे उंदीर," मॉरिस बटाट्यांना म्हणाला.

फेब्रुवारीच्या मध्यावर आयव्ही मुरंब्याची बरणी घेऊन आली. तेवीस फुलांपुढे ती हरली होती आणि ते तिला अजून पचलं नव्हतं.

"घे. गोड जास्त झालाय, तुझी चूक आहे," ती म्हणाली.

मॉरिस शेडच्या दारात उभा राहून बाग बघत होता. "असा हिवाळा मी जन्मात पाहिला नाही, आयव्ही. प्रिमरोझ एवढ्या लवकर कधीच आलं नव्हतं."

"आलं होतं की. माझा गुडघा मोडला त्या वर्षी. त्या वर्षी तर मिरियम फेब्रुवारीत रोज माझ्या काचघरातला कोवळा लेट्यूस मागायला यायची."

"लेट्यूस? मला तर तिने फेब्रुवारीत कधी लेट्यूस वाढला नाही."

"तुला कोण देतंय? ब्रिगेडियरला न्यायची."

"फेब्रुवारीत?" मॉरिस म्हणाला. "खोकं तर पंचवीस मार्चला उघडतं."

"हिवाळा गरम गेला की ती कान लावून ऐकायची. आतून खुडखुड आली की उघडायची. तुला माहीत नव्हतं? मला वाटलं, तू कधीच बाहेर काढलंस त्याला."

"खुडखुड," मॉरिस म्हणाला. त्याच्या हातातली बरणी आयव्हीने वेळेवर पकडली.

तो खोक्यापाशी आला. वाकला. पण झाकणावरच्या अक्षरांवर हात ठेवून तो तसाच थांबला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. "तिने लिहून ठेवलंय, आयव्ही. तिचं अक्षर आहे हे. मी कसं..."

"तिनेच लिहिलं आणि तिनेच मोडलं. तू स्क्रू काढतोस, की मी कुऱ्हाड आणू?"

स्क्रू गंजले होते. एकेक काढायला त्याला युगं लागली. शेवटचा फिरेना, तेव्हा त्याने झाकण हातानेच उपटलं आणि ते मधोमध चिरलं. उजेड आला. मला हलता आलं नाही.

"गेला," मॉरिस म्हणाला. "मी मारला त्याला. ती दाराबाहेर पडली नाही तोच मी..."

"गप्प बस जरा." आयव्हीने माझ्या नाकाला बोट लावलं. माझ्यात होती नव्हती तेवढी ताकद एकवटून मी मान आत ओढली. "मेलेलं असं करतं का? जा, भांडी धुवायचा टब आण. कोमट पाणी. हनुवटीपर्यंतच हं, बुडवू नकोस त्याला!"

स्वयंपाकघराच्या फरशीवर, त्या टबात, मी पाणी प्यायलो. किती प्यायलो ते कुणी मोजलं नाही. डावा डोळा उघडला. उजवा कायमचाच गेला होता. मॉरिस फरशीवर बसून होता, त्याची विजार भिजली होती आणि तो रडत होता. पण रडताना तो चिडलाही होता. "सांगायचं तरी होतंस मला!" तो मिरियमच्या खुर्चीकडे बघून ओरडला. "तीस वर्षं शेजारी झोपलीस, एक शब्द बोलली नाहीस!"

"तू विचारलं होतंस?" आयव्ही हळूच म्हणाली.

मॉरिसने बाहीने नाक पुसलं. बराच वेळ तो माझ्या पाठीवर कोमट पाणी ओतत राहिला. मग त्याने विचारलं, "आणखी काय काय करायची ती?"

"तुझ्या चहात अर्धाच चमचा साखर घालायची. डॉक्टरांनी बजावल्यापासून. अकरा वर्षं."

"मी तर दोन सांगायचो."

"तू सांगायचास."

"म्हणून हल्ली चहा एवढा गोड लागतो होय! मला वाटलं, माझी जीभच बिघडली." तो हसला, आणि हसता हसता त्याला पुन्हा रडू आलं. "आणखी?"

"खुर्ची घे आधी," आयव्ही म्हणाली. "हे एका दिवसात संपायचं नाही."

मित्रांनो, मी कासव आहे, तुम्हाला शहाणपण शिकवायचा मला काय अधिकार? पण एका डोळ्याच्या मोबदल्यात एवढं तरी सांगू द्या. तुमच्या घरातही कुणीतरी असं कान लावून ऐकत असेल. ते काय ऐकतं, कसं ओळखतं, हे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नसतं. ते माणूस आहे तोवर त्याच्याजवळ बसा आणि विचारून घ्या. आणि बंद झाकणाआड काही खुडखुडलं, तर उंदीरच असेल असं धरून चालू नका. उघडून बघा. उंदीर निघाला तर निघाला.