मागच्या खुर्चीतलं वजन

माझ्या लेकीला, टीनाला, दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोटातच विरले. तिसऱ्यांदा राहिलं तेव्हा मी माहेरच्या गावदेवीला, मातामायला, नवस बोलले. लेक सुखरूप बाळंत होईपर्यंत रोज घरच्या देव्हाऱ्यातली ज्योत नेऊन तुझा दिवा लावीन, तुझ्यापुढं आगकाडी ओढणार नाही.

आमच्या फुलचूरहून ते गाव लांब, मध्ये जंगलाचा पट्टा, आणि माझे गुडघे कामातून गेलेले. म्हणून जावई देवानंदनं मला विजेची छोटी गाडी घेऊन दिली. चाकं लहान, सीट बसकी, माझ्यासारखीनं एकटीनं ओसरीत चढवावी अशी. दुर्गेश मिस्त्रीनं तिला माझ्या नेमाजोगं करून दिलं. हँडलपुढं काचेची पेटी बसवली, वारा लागून ज्योत विझू नये म्हणून. खाली दुसरी बॅटरी जोडली. मग एकदा चार्ज केली की तीन-तीन दिवस बघायचं काम नसे. मी सावकाश चालवायची, तोंडानं नाम, पुढं ज्योत. गाडी मुळीच आवाज करत नाही. रस्त्यावरचे मोर उडत नसत, नुसते बाजूला होत.

सातव्या महिन्यात कॅरिअर बदलायला टीनाला घेऊन दुर्गेशकडं गेले. तिथं लेकरांना बसवायची लाल खुर्ची पडली होती, पट्ट्यासकट. टीना म्हणाली, लावूनच टाक आई, या वेळी होतेच. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा हसली होती. जन्माआधी लेकराचं काही मांडू नये हे मला कुणी सांगायला नको. पण त्या हसण्यापुढं माझी जीभ उचलली नाही. दुर्गेशनं खुर्ची पक्की आवळली.

शेजारच्या सुमित्राबाईंनी बघितलं आणि मला बाजूला घेतलं.

"रिकामा पाळणा कोणी हालवत नाई. तू त रोज जंगलातून फिरवून आणून राहिली."

त्याच आठवड्यात गाडी जड झाली. आधी मला वाटलं चाकात हवा कमी असेल. मग बॅटरी तीन दिवसांची दोनावर आली, पुढं एका फेरीलाही जेमतेम पुरू लागली. चढावर मागून ओढ लागायची, कडेवरचं मूल मागं झुकलं की लागते तशी. दुर्गेशनं सगळं उघडून तपासलं. बॅटरी चांगली, मोटर चांगली. हात पुसत त्यानं सहज विचारलं, "काकू, मांगं डबल सीट नेऊन राहिल्या का कोणाले?"

मी नाही म्हणाले. घरी येऊन बघते तर खुर्चीचा पट्टा लावलेला. मी तो कधी लावत नसे.

खुर्ची काढून टाकावी, हे रोज मनात येई. पण टीना ओसरीत बसून ती पुसायची, तिच्यावर ओढणी घालायची. काढली तर काऊन काढली विचारेल, आणि खरं सांगितलं तर तिचा धीर सुटेल. म्हणून मी गप्प राहिले आणि रोज ते वजन नेलं, आणलं.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी जेवणवेळ टळली होती. देवानंद तिला गोंदियाला दवाखान्यात घेऊन गेला. त्यानं फोनवर सांगितलं, डॉक्टरीण म्हणते वेळ आहे. तेवढ्यात दिवा लावून तिथूनच दवाखान्यात जावं म्हणून मी निघाले. जंगलात ज्योत पेटीच्या आत मागं वाकलेली, जणू कुणी मागून श्वास ओढत होतं. मी दिवा लावला, हात जोडले, आणि गाडीकडं वळले.

गाडी उभी होती. वर कुणी नव्हतं. मागचं चाक मात्र दबलेलं होतं.

तिथं मला कळलं की हे असंच घेऊन मी लेकीच्या खाटेजवळ निघाले आहे. खुर्ची हातानं सोडवून बघितली, नट हलेना. पाना दुर्गेशकडं. गाडी सोडून पायी निघावं तर गुडघे नाहीत, आणि सोडलेलं मागं येणार नाही कशावरून? देवानंदचा फोन आला. टीना रडून राहिली, आई कुठी हाय विचारते, तुम्ही या. मी म्हटलं, झाल्यावर येईन. त्यानं फोन ठेवला.

मग मी गाडीजवळ खाली बसले आणि हळू बोलले.

"तू कोण हायेस मले मालूम नाई. मीच बसवलं तुले, म्हणून हाकलत नाई. पण माह्या लेकीजवळ नेणार नाई. इथंच बसू दोघं."

खुर्ची करकरली, लेकरू कंटाळल्यावर करतं तशी. मी तिच्यावर हात ठेवला आणि जे करू नये तेच केलं. हलवू लागले. तोंडात नाम यायचं ते आलं नाही, गाणं आलं. मोहफुलं वेचून झाली, टोपली भरली, आता नीज. हे गाणं मी कुणाकडून ऐकलेलं नव्हतं. मी थांबले की करकर सुरू, गायले की शांत. उन्हं झाडांच्या शेंड्यांवर गेली. माझा गळा बसला तरी मी गात होते.

फोन वाजला. देवानंद बोलायच्या आधी रडणं ऐकू आलं, बारीक, रागावलेलं. त्याच क्षणी माझ्या हाताखाली खुर्ची वर आली. चाक गोल झालं. पोरगी झाली, दोघी चांगल्या हायेत, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मला आनंदाचं रडू यायला हवं होतं. मी चाकाकडं बघत राहिले.

दवाखान्यापर्यंत गाडी पाखरासारखी चालली.

टीनानं तोंड भिंतीकडं केलं होतं. काऊन नाई आली, एवढंच विचारलं. शिस्टर म्हणाली, जन्मल्यापासून रडूनच राहिली, कोणाजवळ थांबत नाई. तिनं पोर माझ्या हातात दिली. मी काही मनात नसताना गुणगुणले. मोहफुलं वेचून झाली.

पोर गप्प झाली. डोळे उघडे, माझ्याकडं. मी अर्ध्यात थांबले, तशी तिनं ओठ काढले.

टीना वळली. "हे कोणतं गाणं? मले त कधी नाई म्हटलं."

"आत्ताच सुचलं, बाई," मी म्हणाले, आणि पुढची ओळ म्हटली.