आवाज येतोय का

माणूस जातो, त्याचा आवाज मात्र मागे राहतो, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. बटण्याच्या घरी नेमकं उलटं झालं. अण्णा, म्हणजे त्याचे वडील, धडधाकट मागे राहिले. आवाज तेवढा गेला. घशाच्या ऑपरेशनात डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं.

बटण्या हे ऑफिसनं ठेवलेलं नाव. वय सत्तेचाळीस. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठलं बटण कधी दाबायचं, हे गिऱ्हाइकांना दाखवायचं काम त्याच्याकडे. स्क्रीनचं रेकॉर्डिंग करायचं आणि त्याचा जीआयएफ बनवायचा. मग तेच मुकं, हलतं चित्र घाण्याच्या बैलासारखं गोल फिरत राहतं आणि कधीतरी गिऱ्हाइकाच्या डोक्यात शिरतं. एकेक फाइल हाताने करून तो वैतागला, तेव्हा त्याने स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. काळ्या खिडकीत एक शब्द टाइप केला, की फोल्डरमधल्या झाडून सगळ्या रेकॉर्डिंगचे जीआयएफ होत आणि मूळ फाइली कायमच्या पुसल्या जात. पुसण्याआधी कॉम्प्युटर 'नक्की ना?' असं विचारायचा. बटण्याने ते बंद केलं आणि त्या ओळीशेजारी टीप लिहिली: 'सारखं सारखं विचारत बसू नये.'

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अण्णांनी दवाखान्यातून व्हिडिओ कॉल केला. तेव्हा मीटिंग चालू होती. बटण्याने लॅपटॉपवर कॉल घेतला, स्पीकरचा आवाज बंद ठेवला, रेकॉर्डिंग लावलं आणि अधूनमधून मान हलवत राहिला. नंतर निवांत ऐकू, असं ठरवलं. निवांतपणा काही आला नाही. ते चार मिनिटांचं रेकॉर्डिंग, नावाच्या जागी नुसती तारीख घेऊन, बाकीच्यांच्या रांगेत त्याच फोल्डरमध्ये बसून राहिलं.

पंधरा दिवसांनी दवाखान्यातल्या बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्यांच्या आवाजाचं तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग आणा. ते टाइप करतील ते यंत्र बोलेल, आणि त्यांच्याच आवाजात बोलेल."

"चार मिनिटांचं आहे," बटण्या ऐटीत म्हणाला.

ऑफिसात आल्यावर त्याने फोल्डर उघडलं. सकाळीच स्क्रिप्ट चालवून झाली होती. 'एक्केचाळीस जीआयएफ तयार.' त्याने काम दिलं होतं चाळिसांचं. एक्केचाळिसाव्यात अण्णा तोंड उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते.

त्याने बहिणीला फोन करून रेकॉर्डिंग पुसलं गेल्याचं सांगितलं.

"अरे, दुसरं काहीतरी असेल ना?" ताई म्हणाली.

"अण्णांनी कधी व्हॉइस मेसेज पाठवलाय? 'बोलायचं तर समोर येऊन बोल' म्हणायचे."

"माझ्या लग्नाची कॅसेट?"

"तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी चढवलेली आहेत, ताई."

"बरं, ते राहू दे. त्या दिवशी ते काय म्हणाले, ते तरी सांग. तू होतास ना कॉलवर?"

बटण्या यंत्राबद्दल सांगू लागला. मीटिंगचा भाग तिला कुणी सांगितला नव्हता. आता सांगायची गरजही उरली नाही.

"शाबास," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी त्याने लॅपटॉप अण्णांसमोर ठेवला. काय झालं ते सांगितलं. माफी मागायची मात्र राहिली. अण्णांनी चष्मा लावला. स्वतःला तीनदा, चारदा, सहादा तोंड उघडताना पाहिलं.

"अण्णा, काय सांगत होतात तुम्ही?"

अण्णांनी बोलण्याऐवजी लिहायला ठेवलेली पाटी ओढली. सावकाश, शुद्धलेखनाच्या नियमांनुसार लिहिलं: 'आवाज येतोय का, असे विचारत होतो. चार मिनिटे. तू मान हलवत होतास.'

गुरुवारी यंत्र मिळालं. त्यात तयार आवाज दोनच होते, एक पुरुषाचा आणि एक बाईचा. अण्णांनी बाईचा निवडला. तो जास्त मोठा होता.