झोपगुरूची घंटा

त्या रविवारी सभागृहात साडेतीनशे खुर्च्या होत्या आणि एकही रिकामी नव्हती. प्रत्येक खुर्चीमागे दीक्षेची फी, म्हणजे साधारण एका महिन्याचं घरभाडं. त्यातून सभागृहाचे पैसे, ध्वनिक्षेपकवाल्याचे पैसे आणि पांढऱ्या बुटांचं पॉलिश वजा करा. उरेल ते झोपगुरूचं. माणसाचं पुढचं सगळं बसल्या जागी निभावेल एवढं उरत होतं. आणि गंमत अशी, की ही त्याची वरकमाई होती. मुख्य धंदा वेगळाच होता, आणि तो साडेतीनशे जणांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच टाळ्यांत चालू होता.

झोपगुरू हे नाव मी ठेवलेलं. लोक त्याला 'सर' म्हणत. 'तुम्ही झोपा, पैसा जागा राहील' हे त्याचं ब्रीद. मंचावर भिंतीएवढा पडदा आणि पडद्याशेजारी टांगलेली पितळी घंटा. घंटेतून एक वायर निघून त्याच्या संगणकात गेलेली.

"मित्रांनो, पैसा म्हणजे काय?" त्याने विचारलं, आणि कुणी तोंड उघडायच्या आत उत्तरही दिलं. "कंपनं! तुमच्या लिंकला कंपनं नाहीत, म्हणून तुमचा खिसा शांत आहे. माझा खिसा बघा, थरथरतोय!"

खिसा खरंच थरथरत होता. आत फोन होता.

मग त्याने एका रंगाऱ्याला वर बोलावलं, त्याचा फोन तळहातावर घेतला आणि डोळे मिटले. "आता यांच्या लिंकवरून कुणीतरी काहीही घ्या. टाचणी घ्या, पण मनापासून घ्या!" मधल्या रांगेतल्या एकाने मोबाइलवर ब्रश मागवला. काही क्षण शांतता, आणि मग, टण्ण! घंटा आपोआप वाजली. अख्खं सभागृह उभं राहिलं. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले.

"आला बघा पैसा!"

"कुठे आला?" मी विचारलं.

"अहो, घंटा वाजली ना!"

मी दुसऱ्यांचे हिशेब तपासून पोट भरतो. पावती न बघता 'जमा' लिहिणारा माणूस दिसला की माझा हात लाल पेनाकडे जातो. इथे साडेतीनशे होते, आणि त्यातली पहिल्या रांगेतली एक माझी सख्खी वहिनी होती.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. तुम्ही इंटरनेटवर एखाद्या वस्तूची माहिती सांगता आणि खाली दुकानाची लिंक देता. त्या लिंकवरून कुणी ती वस्तू घेतली, की दुकान तुम्हाला ठरलेलं कमिशन देतं. झालं. यात जादू नाही आणि पापही नाही. सरळ दलाली आहे, आणि सरळ माणसाने केली तर सरळच राहते.

वहिनीने ती सरळच केली होती. बाहेरच्या खोलीत ती शिवणाचा वर्ग चालवते. वर्ग सुटला की तिथेच फोन लावून शिलाई मशीनची परीक्षा घेते आणि ती लोकांना दाखवते. सगळं जग वस्तूंची स्तुती करत असताना ही बाई सांगते, "हे जाड कापडावर रडतं, घेऊ नका. याचं पायडल महिन्यात सैल होईल, अजिबात घेऊ नका." त्यामुळे ती ज्या दिवशी 'घ्या' म्हणते, त्या दिवशी लोक घेतात. दुकान तिला शंभरातले पाच देई. त्यावर कुणी बंगला बांधत नाही. पण विजेचं बिल निघे, दोऱ्याची रिळं निघत, आणि वर्गासाठी वेगळी खोली घ्यायचं स्वप्न महिन्या-महिन्याने थोडं जवळ येई.

मग तिला झोपगुरू भेटला. शंभरातल्या पाचांचे पंधरा करून देतो म्हणाला. फी भरल्यावर त्याने तिला 'कवच' दिलं. कवच म्हणजे फोनमध्ये घालायचं एक ॲप. ते म्हणे लिंकचं वाईट नजरेपासून रक्षण करतं. ते आपण घ्यायचं, शिवाय आपल्या प्रेक्षकांनाही घ्यायला लावायचं. त्यांना काय फायदा? पैसे भरताना 'सवलत लागू करा' अशी चौकट उघडते. ती दाबली की शंभरातले दोन वाचतात. वहिनीने प्रत्येक व्हिडिओखाली लिहून टाकलं : कवच घ्या, सवलत मिळवा.

आणि तिचं कमिशन आटलं.

"वहिनी, मशीनं विकली जातायत ना?" मी विचारलं.

"जातायत की. रोज कुणीतरी लिहितं, बाई तुमच्या सांगण्यावरून घेतलं म्हणून."

"मग पैसे?"

"वाटेत आहेत. सर म्हणाले, शंका घेतली की मागे फिरतात."

"शंका मी घेतली. माझे मागे फिरू देत, तुमचे का फिरतात?"

"भाऊजी, तुम्हाला ना, देवाने स्वर्गाची किल्ली दिली तरी तुम्ही त्याच्याकडे बिल मागाल!"

दादा हसला. दादाने बायकोच्या प्रेमाखातर आपल्याही फोनमध्ये कवच घातलं होतं. मी आकडे मांडून दाखवले, उभ्या रेघा मारल्या, आडव्या मारल्या. वहिनी म्हणाली, आकड्यांना भाव नसतो. मी म्हटलं, बाजारात फक्त आकड्यांनाच भाव असतो. त्या दिवशी मी चहा न घेता घरी गेलो. एवढा राग मला फारसा येत नाही.

पण खरी काळजी पुढेच होती. झोपगुरूला वहिनीच्या वर्गाचा पत्ता लागला. पुढच्या रविवारी तिने मंचावर बोलायचं आणि विद्यार्थिनींना सोबत आणायचं, असं ठरलं. वहिनीचा शब्द म्हणजे त्या पोरींना शेवटचा शब्द. त्या फीची जुळवाजुळव करायला लागल्या. एकीने तर आपलं मशीन विकायला काढलं.

ती विचारायला आली तेव्हा मी तिथेच होतो. दारातच उभी राहिली. म्हणाली, "बाई, गिऱ्हाईक उद्या येणारेय मशीन बघायला. देऊन टाकू ना? तुमचं किती वाढलं, तेवढं सांगा, म्हणजे घरी सांगता येईल."

वहिनी म्हणजे मशीनचा ढिला स्क्रूसुद्धा जगाला ओरडून सांगणारी बाई; तिला 'वाढलं' म्हणता येईना आणि 'आटलं' म्हणवेना. शेवटी ती म्हणाली, "उद्या नको. गिऱ्हाइकाला सोमवारी बोलाव."

मुलगी गेली. वहिनी बराच वेळ हातातल्या कापडाची घडी घालत आणि मोडत राहिली. मग मला म्हणाली, "भाऊजी, मशीनचा टाका सुटायला लागला तर मी पोरींना काय सांगते?"

"मला काय माहीत? मला बटणसुद्धा लावता येत नाही."

"एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी सुई. शिवून बघा. मग दोरा. मग ताण. सगळं एकदम बदललंत तर मशीन चालेल, पण बिघाड कुठे होता ते कधीच कळणार नाही." तिने घडी बाजूला ठेवली. "मी भाव बदलला, श्रद्धा बदलली, उठायची वेळ बदलली, कवच घेतलं, सगळं एकदम. मूर्ख आहे मी."

"नाही हो," मी म्हटलं, पण फार जोर लावून नाही.

प्रयोग तिनेच मांडला. वस्तू एकच : शिलाई मशीनच्या सुयांचं पाकीट. लिंक एकच, तिची. दादाच्या फोनमध्ये कवच, माझ्यात नाही. दोघांनी एक-एक पाकीट मागवलं. थोड्या वेळाने दुकानाच्या पानावर तिच्या नावे विक्री दिसली ती फक्त माझी. दादाची नाही.

"तुझी श्रद्धा कमी पडली असेल," मी दादाला म्हणालो.

"गप रे!" वहिनी म्हणाली. इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदा अरे-तुरे करत होती. मला बरं वाटलं. "आता माणूस तोच, फोन तोच. फक्त कवच काढा."

दादाने कवच काढलं आणि पुन्हा पाकीट मागवलं. विक्री दिसली. कवच परत घातलं, पुन्हा मागवलं. गायब. बिघाड सापडला होता.

तिने तिथूनच दुकानाच्या कमिशन विभागाला फोन लावला. पलीकडचा साहेब अतिशय गोड होता.

"मॅडम, नियम असा आहे, ग्राहक पैसे भरण्याआधी शेवटी ज्याच्या लिंकवरून आला, कमिशन त्याचं. सवलतीची चौकट दाबली की त्या कवचवाल्यांची लिंक आतल्या आत उघडते. मग तुमचं नाव जातं, त्यांचं लागतं."

"ग्राहक तर तुमच्या दुकानात आधीच आला होता! मी आणला होता!"

"त्याबद्दल आम्ही तुमचे आभारी आहोत."

"त्यांना किती देता?"

"नऊ टक्के. ते मोठे भागीदार आहेत ना."

"म्हणजे माझं पाचाचं काम माझ्याकडून काढून चोराला नऊने देता? यात तुमचंही नुकसान आहे, कळतंय का?"

"तुमची सूचना मी पुढे पाठवतो, मॅडम."

वहिनीने फोन ठेवला. चोराने दार फोडलंच नव्हतं. दार उघडं ठेवायचा नियम होता.

रविवारी वहिनी मंचावर गेली. तिच्या विद्यार्थिनी दुसऱ्या रांगेत. झोपगुरूने टाळ्या मागितल्या, मिळाल्या. वहिनी माइकसमोर म्हणाली, "भाषण येत नाही मला. प्रात्यक्षिक येतं. माझं कमिशनचं खातं पडद्यावर दाखवते."

झोपगुरूने मान हलवली. इतक्या लोकांसमोर नाही म्हणणार कसं?

"हे माझे मिस्टर. यांच्याकडे कवच आहे. अहो, माझ्या लिंकवरून सुया मागवा."

दादाने चौकट दाबली, पैसे भरले. टण्ण! टाळ्या कडाडल्या. वहिनीने हात वर केला. "थांबा. माझं खातं बघा." पडद्यावर नवीन काहीच नव्हतं. ती सुयांचे आकार कसे ओळखायचे ते सांगत राहिली, लोक चुळबुळले, खातं कोरंच राहिलं.

"वाटेत आहे!" झोपगुरू हसून म्हणाला. "बाईंच्या मनात शंका..."

"आहे ना शंका, भरपूर आहे. आता हे माझे दीर. यांच्यात कवच नाही आणि श्रद्धा तर औषधालाही नाही. भाऊजी, मागवा."

मी मागवलं. सभागृहाने कान टवकारले. घंटा गप्प. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. आणि पडद्यावर वहिनीच्या खात्यात एक ओळ उमटली : सुया, एक पाकीट, कमिशन जमा.

"घंटा खोटी नाहीये," वहिनी म्हणाली. "घंटा अगदी खरी आहे. फक्त ती यांच्या खात्याला जोडलीये. तुमचं कमिशन यांच्या खिशात पडलं की ती वाजते, आणि आपण टाळ्या वाजवतो. मला पैसे मिळाले तेव्हा ती वाजली का? सर, तुमचं खातं दाखवता का पडद्यावर? सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच वेळ लागेल, जास्त नाही."

झोपगुरूने विश्व, ऊर्जा आणि तांत्रिक अडचण यांचा एकत्र उल्लेख केला आणि पाणी प्यायला गेला. तो परत आला नाही. पांढरे बूट मागच्या जिन्यावरून भरभर उतरताना ध्वनिक्षेपकवाल्याने पाहिले. त्याचेही पैसे राहिले होते.

मला वाटलं, आता लोक फोन काढतील, कवच पुसतील. काहींनी पुसलंही. पण माझ्या शेजारच्या त्याच बाई वहिनीवर उखडल्या. "चाललेलं होतं ना चांगलं! तुमच्यामुळे घंटा बंद पडली!"

काय बोलणार? तरी बोलतोच, कारण गप्प बसण्यावर असल्या लोकांचं पोट चालतं. कमिशन ही मेहनतीची किंमत आहे, कंपनांची नाही. कुणी 'पैसा आला' म्हणालं, तर कुणाच्या खात्यात, एवढं विचारा. विचारल्याने जो पैसा पळून जातो, तो तुमचा नव्हताच. चमत्कार पाहिलात तर एका वेळी एक गोष्ट बदलून तो पुन्हा घडतो का बघा. आणि दुकानदारांनो, गिऱ्हाईक कुणी आणलं हे तुमचं यंत्र ओळखत नसेल, तर यंत्र बदला. आणणाऱ्याला आभार देऊन भागवू नका.

दुकानाने दोन महिन्यांनी नियम बदलला. पैसे भरताना उघडणाऱ्या चौकटीला आता कमिशन नाही. मागचं मात्र परत मिळणार नाही. ते खातं म्हणे बंद झालंय. झोपगुरू दुसऱ्या शहरात 'निद्रायोग' शिकवतो असं कानावर येतं. तिथेही घंटा आहे म्हणतात.

शेवटी कुणी काय भरलं, ते लिहून टाकतो. साडेतीनशे जणांनी फी भरली. वहिनीने फी भरली, वर अर्ध्या वर्षाचं कमिशन भरलं, आणि वेगळ्या खोलीचं स्वप्न तेवढं मागे गेलं. दुकानाने पाचाच्या जागी नऊ भरले आणि ते भरून काढायला मशीनची किंमत वाढवली. म्हणजे तेही ग्राहकांनीच भरले, दोन टक्के वाचवल्याच्या आनंदात. ध्वनिक्षेपकवाल्याने स्वतःचीच मजुरी भरली. सुयांच्या पाकिटांचे पैसे दादाने आणि मी भरले. पाकिटं वहिनीने वर्गात वाटली. त्यातलं एक त्या मुलीने नेलं. तिचं मशीन घरीच आहे, आणि तिने काहीही भरलं नाही.