आता कसं वाटतंय?

कवळीवाल्याने मेणाची पट्टी दिव्यावर धरून मऊ केली, प्लास्टरच्या साच्यावर दाबली आणि समोरचे दोन दात हलक्या हाताने त्यात टेकवले. तेवढ्यात फोन थरथरला. एरवी हात धुतल्याशिवाय तो फोनला शिवत नसे. आज मेणकट बोटं एप्रनला पुसली आणि फोन उचलला.

शहराच्या बातम्यांच्या पानावर एक फोटो आला होता. नव्या बाह्य रस्त्यासाठी पाडलेली घरं, विटांचे ढीग, मधेच कशीबशी उभी राहिलेली एक भिंत. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘यात माझंही घर गेलं. पहिल्या नकाशात रस्ता घरामागून जात होता.’ लिहिणारा होता सरळमार्गी.

कवळीवाल्याने ते दोनदा वाचलं. मग तो हसला. दातांच्या दवाखान्यामागच्या त्या खोलीत ओळीने मांडलेल्या साच्यांखेरीज ऐकायला कुणी नव्हतं, तरी तो मोठ्याने हसला.

सरळमार्गी हे काही खरं नाव नव्हतं, आणि कवळीवाला त्या पानावर ‘दंतकथा’ या नावाने लिहायचा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. पण गेली कित्येक वर्षं सरकारने काहीही केलं की सरळमार्गी सरकारची बाजू घ्यायचा आणि दंतकथा त्याच्यावर तुटून पडायचा. संध्याकाळी कवळीवाला एकट्याचं ताट वाढून घ्यायचा, फोन पाण्याच्या भांड्याला टेकवून ठेवायचा आणि घास घेता घेता भांडायचा. या रस्त्यावरून तर त्यांची चांगलीच जुंपली होती. ‘रस्ता म्हटलं की चार घरं जाणारच,’ सरळमार्गीने तेव्हा लिहिलं होतं. ‘प्रत्येकाचं अंगण सांभाळत बसलं तर झालंच.’

आता त्याचंच अंगण गेलं होतं. कवळीवाल्याने लिहिलं:

‘आता कसं वाटतंय, सरळमार्गी? रस्ता अगदी नाकासमोर सरळ गेला ना?’

दुपारपर्यंत त्या ओळीखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. पानावरचे बाकीचे विरोधकही हात धुऊन सरळमार्गीच्या मागे लागले. ‘भोगा आता.’ ‘द्या अजून मतं.’ ‘विटा जपून ठेवा, विकासाला लागतील.’ पण सगळ्यांत वर दंतकथाचीच ओळ होती. लोक ती फोटोवर छापून एकमेकांना पाठवू लागले.

संध्याकाळी पुढच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई स्वतः मागच्या खोलीत आल्या. एरवी त्या कवळीचं माप दारातूनच हातात द्यायच्या आणि दातांचा रंग सांगून निघून जायच्या.

“अहो, ते दंतकथा म्हणजे तुम्हीच ना? मला माझ्या भावाने ती ओळ पाठवली. काय ठेवून दिलीत हो!”

“सुचलं आपलं,” तो म्हणाला आणि स्वच्छच असलेला ब्रश पुन्हा धुऊ लागला.

घरी पोचतो न पोचतो तोच लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती. बहुतेक वेळा फोन तोच करायचा, आणि बहुतेक वेळा ती मीटिंगमध्ये असायची.

“बाबा, तुम्ही फेमस झालात! आमच्या ऑफिसात सगळे तुमची ओळ म्हणून दाखवतायत. मी सांगितलं, हे माझे बाबा आहेत.”

“खरंच सांगितलंस?”

“मग! बरं, जेवलात का?”

हे तिने कित्येक महिन्यांत विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी तो दोन घास जास्त जेवला.

सरळमार्गीने मात्र उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाणीपट्टी वाढल्याची बातमी आली. असल्या बातमीवर तो हमखास यायचा. कवळीवाल्याने मुद्दाम खोचक लिहिलं आणि वाट पाहिली. सरळमार्गीऐवजी भलतेच कुणी कुणी आले. त्यांना शिव्या येत होत्या, भांडता येत नव्हतं. ताटातलं गार झालं. हरला म्हणून तोंड लपवून बसला असेल, अशी कवळीवाल्याने स्वतःची समजूत घातली आणि पान पुन्हा एकदा वर सरकवून पाहिलं.

उत्तर आलं ते आठवडा संपता संपता, एका दुपारी. तो तयार कवळी पॉलिशच्या चाकावर धरून बसला होता.

‘दंतकथा, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सध्या पुतण्याकडे राहतोय. माणसं चांगली आहेत. सकाळी उठल्यावर डावा हात दिव्याचं बटण शोधतो, तिथे कपाट लागतं. आमच्या घरातला स्वयंपाकाचा ओटा बायकोच्या उंचीने बांधला होता. ती ठेंगणी होती. ती गेल्यावर तिथे काम करताना माझी पाठ भरून यायची, पण तो उंच करून घेतला नाही. घर पाडताना सगळ्यांत शेवटी तोच राहिला होता. मशीनवाला जेवायला गेला, तेवढा वेळ मी ओट्याला टेकून उभा राहिलो. रस्ता हवाच होता, हे आजही म्हणतो. तिला दवाखान्यात नेताना जुन्या रस्त्यावर आम्ही अडकून पडलो होतो. हे आधी कधी बोललो नाही. वादात असलं काही काढलं की लोक म्हणतात, रडतोय. बाकी कुणी विचारलं नाही, माझ्या बाजूच्यांनीही नाही. तर असं वाटतंय.’

कवळीवाल्याने चाक बंद केलं. ते फिरत फिरत पूर्ण थांबेपर्यंत तो त्याच्याकडे बघत राहिला.

टोमणा कुठला आणि विचारपूस कुठली, हे न कळण्याइतका तो माणूस भोळा नव्हता. इतकी वर्षं त्याच्याशी भांडून एवढं तरी कवळीवाल्याला ठाऊक होतं.

त्या उत्तराखालीही हसरे चेहरे पडू लागलेच होते. ‘काय हे नाटक!’ ‘रुमाल द्या रे कुणीतरी.’ आणि मग, ‘दंतकथा, कुठे आहात? होऊन जाऊ द्या!’ लेकीचाही मेसेज आला. ‘बाबा, आता काय लिहिणार? इथे सगळे वाट बघतायत.’

त्याने ‘वाईट वाटलं’ असं लिहिलं. ते एखाद्या पुढाऱ्याच्या शोकसंदेशासारखं दिसायला लागलं, म्हणून पुसलं. ‘माझं चुकलं’ असं लिहिलं, पण एवढी माणसं बघतायत हे आठवलं आणि तेही पुसलं. शेवटी वाचताना मनात जे आलं होतं, तेच विचारलं.

‘ओटा केवढा उंच होता?’

पहिला हसरा चेहरा लगेच आला. मग रांगच लागली. ‘काय टोला हाणलाय!’ ‘ओटा केवढा उंच होता म्हणे! मेलो!’ कवळीवाला घाईघाईने खाली लिहून मोकळा झाला, ‘खरंच विचारतोय.’ त्यावर तर कहर झाला.

लेकीचा फोन आला तेव्हा ती हसतच होती.

“बाबा, कमाल करता हं! ‘खरंच विचारतोय’ काय!”

“मी खरंच विचारलं होतं.”

“हो ना, तेच तर!”

“नाही गं. त्याने लिहिलंय ते तू पूर्ण वाचलंस का?”

“वरवर पाहिलं. लांबलचक होतं.”

“बायको गेलीय त्याची.”



“अहो, पण तो त्यांच्यातलाच आहे ना?” मागून कुणीतरी तिला हाक मारली. “चला, ठेवू? नंतर बोलू.”

“ठेव,” तो म्हणाला. फोन केव्हाच बंद झाला होता.

सुट्टीच्या दिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि बातमीत दिलेल्या वस्तीची बस पकडली. लेकीला कळवलं नाही. कशासाठी चाललोय, हे त्यालाच धड सांगता आलं नसतं. शेवटच्या थांब्यावर उतरून थोडं चाललं की नवा रस्ता दिसत होता. रुंद, सपाट, पांढऱ्या मातीचा, दोन्हीकडच्या घरांना कापत गेलेला. एका घराची न्हाणी उघडी पडली होती. आतल्या निळ्या फरशा येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होत्या. राडारोडा कधीच उचलून नेला होता. कुठे कुणाचं काय होतं, ते ओळखायला काही उरलं नव्हतं.

रस्त्याच्या कडेला वाचलेल्या एका घरापुढे एक बाई ओले कपडे झटकून दोरीवर टाकत होती. तो इकडून तिकडे गेला, पुन्हा परत आला, ते तिने पाहिलं.

“कुणाला शोधताय?”

“इथे एक गृहस्थ राहायचे. वयस्कर असावेत. एकटेच होते. बायको वारली होती त्यांची, ठेंगण्या होत्या त्या.”

“रेडिओकाका होय! सारखा रेडिओ लावून बसायचे, म्हणून आम्ही आपलं तसं म्हणायचो. तो खांब रोवलाय ना, तिथे घर होतं त्यांचं.” तिने हातातला कपडा पिळला. “तुम्ही त्यांचे कोण?”

कवळीवाल्याने त्या खांबाकडे पाहिलं.

“आम्ही रोज बोलायचो,” तो म्हणाला.

“अगंबाई! मग इतके दिवस कुठे होतात? एक पुतण्या सोडला तर त्यांचं म्हणून कुणी फिरकलंच नाही हो. सामानसुद्धा आम्ही शेजाऱ्यांनीच काढलं.” तिने पदराला हात पुसले आणि आतून फोन घेऊन आली. “थांबा, लावून देते. बरं वाटेल त्यांना.”

“नको, मी नंतर करीन की.”

पण तिने लावलाही होता.

“काका, तुमचे मित्र आलेत बघा तुम्हाला शोधत.” असं म्हणून तिने फोन त्याच्या हातात दिला आणि पुन्हा बादलीकडे वळली.

त्याने फोन कानाला लावला. इतकी वर्षं त्या ओळी वाचताना त्याने मनाशी एक जाडाभरडा, दरडावणारा आवाज धरून ठेवला होता. हा आवाज बारीक होता.

“हॅलो? कोण बोलतंय?”

‘दंतकथा’ हा शब्द ओठांवर आला. रस्त्यावरून रोलर हळूहळू येत होता. तो पुढे जाईपर्यंत कवळीवाला थांबला. मग त्याने आपलं खरं नाव सांगितलं, आडनावासकट.

पलीकडून ते नाव हळूच पुन्हा म्हटल्याचं ऐकू आलं. म्हातारा आठवून पाहत असावा.

“नाही हो लक्षात येत,” शेवटी तो म्हणाला. “वय झालं आता. पण बोला ना. मी रिकामाच आहे.”